बायजा भात विकत नाही

वालीवला नळाच्या तोट्या बनवणारा एक कारखाना होता. त्याच्या फाटकाबाहेर, कुंपणाच्या सावलीत, बायजा रोज दुपारी साडेबाराला येऊन बसायची आणि तिच्यापुढे पन्नास-साठ दाढीवाले, ग्रीसनं माखलेले बाप्ये शाळेतल्या पोरांसारखे मुकाट मांडी घालायचे. कारखान्यात मुकादमाला कधी सरळ उत्तर न देणारे हे गडी बायजाचं ताट मात्र शेवटच्या शितापर्यंत पुसून ठेवत. कारण ताटात टाकून उठलेल्याला ती दुसऱ्या दिवशी सगळ्यात शेवटी वाढायची आणि वाढताना त्याच्या आईची चौकशी करायची. हा काळ ब्याण्णव-त्र्याण्णवचा.

बायजा अंगानं किडकिडीत, पण आवाज दोन बायकांचा. खाडीकाठच्या गावात जन्मली, त्याच गावात चार घरं सोडून दिली, त्यामुळे सासरी जाताना रडायचंसुद्धा तिला नीट जमलं नव्हतं. आईनं आपल्या दारातून हाक मारून सांगितलं होतं की रडणं आटप, जेवायची वेळ झाली. भात लावणं, भात कापणं, भात कांडून आणणं आणि भात शिजवणं यापलीकडे आपल्याला काही येत नाही, असं ती स्वतःच सांगायची. त्यात ऐकणाऱ्यानं होकार भरला की चिडायचीही.

कारखान्याशी तिचा संबंध आला तो नवऱ्यामुळे. नथू तिथं वॉचमन होता. म्हणजे खाकी शर्ट घालून स्टुलावर बसायचा आणि येणाऱ्या प्रत्येक टेम्पोला गाव विचारायचा. बायजा त्याचं जेवण घेऊन यायची. एके दिवशी नथू जेवत असताना लेथवर काम करणारा एक उंच, हडकुळा माणूस फाटकाच्या आत उभा राहून ताटाकडे बघत होता. तो उत्तर प्रदेशातला, सगळे त्याला पंडित म्हणत. जेवणाऱ्याकडे कोणी बघत उभं राहिलं तर बायजाच्या घरात घास खाली उतरत नसे.

"बघतोस काय? बस," ती म्हणाली.

"मछली नहीं खाते, मावशी."

"मग लोनचं खा. बस आधी."

पंडित बसला. पुढ्यातला भात बघून दचकला. तो भात होता रात्याचा. खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीत येणारा, जाड, लालसर. पंडितनं आयुष्यात पांढऱ्याशिवाय भात पाहिला नव्हता, त्यामुळे बाईनं कालवण सांडलं की तांदूळ खराब निघाला, हे त्याला ठरवता येईना. पण भूक ठरवाठरवीला फार वेळ देत नाही. लोणच्याच्या एका फोडीवर त्यानं तीनदा वाढलेला भात संपवला आणि उठताना ताटाशेजारी नाणं ठेवलं. बायजानं ते त्याच्या पाठीवर फेकून मारलं.

दुसऱ्या दिवशी पंडितबरोबर चौघं आले. आठवड्यात वीस झाले. तेव्हा नथूनं घरी विषय काढला की बाजारातून आणलेला जवळा आणि बोंबील असा किती जणांना घालणार. सासू तेव्हा हयात होती आणि घरातलं सुप्रीम कोर्ट तीच. ओट्यावर बसून तिनं निकाल दिला.

"जवला तू इकत आनतीस, तेचे पैशे घे. लोनचं तू घातलंस, तेचे घे. भात इकायचा नाय. तो आपन नाय केला, भुईनं केला."

गावात हा नियम दुसरं कोणी पाळत असल्याचं ऐकिवात नव्हतं. सासू स्वतः दरवर्षी तांदूळ विकायची आणि भावावरून व्यापाऱ्याशी भांडायची. पण तांदूळ वेगळा आणि शिजलेला भात वेगळा, असं तिचं म्हणणं. चुलीवर चढला की तो आलेल्या पोटाचा झाला. बायजानं मान डोलावली. पुढं सासू गेली, पण निकाल राहिला, आणि वरचं कोर्ट कुठं नव्हतंच.

तर असा हा धंदा. कालवण विकत, भात फुकट. नव्या माणसाला हे समजावताना जुन्या माणसांची दमछाक व्हायची. कोणाला वाटे बाई भोळी आहे, कोणाला वाटे यात काहीतरी डाव आहे. एकानं तर भातात गुंगीचं औषध असणार असं ठरवून दोन दिवस नुसतं कालवण प्यायलं. गुंगी यायची हे खोटं नव्हतं, पण ती औषधाची नव्हे. बायजा "किती वाढू" असं कधी विचारायची नाही. ती "पुरलं?" असं विचारायची, आणि त्याचं उत्तर यायच्या आत पुढचा भात ताटात पडलेला असायचा. जेवणानंतर अर्धा तास सगळा कारखाना पेंगत असे. मालकाच्या ते लक्षात येत नव्हतं, कारण त्या वेळी मालकही घरी पेंगत असायचा.

सुरुवातीला बायजाला ही माणसं निव्वळ खादाड वाटली. घरी जाऊन ती नथूला म्हणायची, यांच्या आयांनी यांना उपाशी ठेवलं होतं की काय. तिचा हा समज श्रीरंगनं दूर केला.

श्रीरंग त्या कारखान्यात टाइमकीपर. बोळिंजला राहणारा, इस्त्रीच्या शर्टातला, चष्मेवाला सद्गृहस्थ. डॉक्टरनं त्याला भात बंद केला होता आणि त्याची बायको मनोरमा डॉक्टरपेक्षा कडक होती. डब्यात तीन पोळ्या आणि दुधी, नाहीतर तीन पोळ्या आणि पडवळ. तो डबा श्रीरंग बारा वाजताच ऑफिसात बसून संपवी आणि साडेबाराला फाटकावर "पाहणी" करायला येई. पाहणी करताना उभ्या उभ्या थोडी चव बघे. चव बघण्यासाठी बायजानं त्याच्याकरता एक ताट वेगळंच ठेवलं होतं, इतरांपेक्षा मोठं.

एकदा बायजानं त्याच्यापाशी या खादाडपणाचा विषय काढला. तेव्हा भाताचा घास गिळून तो गंभीर झाला.

"बायजाबाई, ही माणसं नालासोपाऱ्याला एका खोलीत आठ-आठ जण राहतात. एक स्टोव्ह. सकाळी चहा-खारी, रात्री वडापाव, तोही मिळाला तर. बसून जेवायचं असं त्यांचं हे एकच जेवण, दिवसातलं."

त्या दिवशी तिनं कोणाच्याही आईची चौकशी केली नाही. तिसऱ्या दिवशी नथूच्या सायकलीला आधीच्यापेक्षा दीडपट मोठा भाताचा टोप बांधलेला होता आणि पुढं सहा वर्षं तो टोप रोज रिकामा होऊन परत गेला.

त्या सहा वर्षांच्या मधेच त्यांच्या गावाकडं जमिनी विकल्या जाऊ लागल्या. नथूकडंही एक बिल्डर आला. नथूनं त्याला चहा दिला, गाव विचारलं आणि परत पाठवलं. शेत विकायचं नाही हे त्यानं असं सहज ठरवलं, आणि त्याचा त्याला फार अभिमान होता. पण शेजारच्यांनी विकलं. विकलेल्या जागेवर डंपरनं माती येऊन पडली, चारी बाजू उंच झाल्या आणि नथूचं शेत मधल्या मधे खड्ड्यात राहिलं. पावसाचं पाणी बाहेर जायची वाट बुजली. भरतीचं खारं पाणी आत आलं की तेही मुक्कामाला. राता खारं पाणी सोसतो, पण चार-चार महिने गळ्यापर्यंत बुडून उभं राहणं त्यालाही जमेना. पहिल्या वर्षी निम्मं पीक आलं. दुसऱ्या वर्षी नुसता पेंढा. तिसऱ्या वर्षी शेतात निवटे आले, चिखलात उड्या मारणारे ते डोळेफुगरे मासे.

नथू बांधावर बसून राहिला. दोन दिवस जेवला नाही. बायजा खाली उतरली, निवटे पकडले, त्यांचं झणझणीत कालवण केलं आणि फाटकावर नेऊन विकलं. गावातल्या बायका म्हणाल्या, बायजाचं काळीज दगडाचं आहे, डोळ्यांतून टिपूस नाही. बायजा म्हणाली, डोळे पुसत बसले तर साठ ताटं कोण मांडणार.

कणगीतला जुना तांदूळ अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यापर्यंत पुरला. त्यानंतर नथूनं दुकानातून पोतं आणलं. पांढरा तांदूळ, बारीक, पोत्यावर निळा शिक्का. पहिल्या दिवशी तो भात ताटात पडला तेव्हा पंडितला खरं तर आनंद व्हायला हवा होता. पण सहा वर्षांत त्याची जीभ पुरती बाटली होती. गावी गेला की आईच्या भाताला नावं ठेवून मार खाण्याची वेळ आणायचा.

"मावशी, लाल वाला?"

"उनानं पांढरा पडला. खा गप."

पंडितनं खाल्ला. पण दुकानातला तांदूळ दुकानातल्यासारखाच संपायचा. महिन्याभरात बायजाला आणि नथूला स्पष्ट दिसलं की असं चालू राहिलं तर दिवाळीच्या आत टोप कायमचा पालथा घालावा लागणार. आणि टोप पालथा घातला की साठ जणांचं ते एकच जेवण गेलं. बायजाचं फाटक गेलं ते वेगळंच. सहा वर्षं जिच्या आवाजावर कारखाना बसला-उठला, ती बाई घरी बसून कोंबड्यांवर ओरडणार होती.

"भाताचे पैशे घे," नथू म्हणाला. "आपल्या भुईचा नाय आता. इकतचा तांदूल, इकायला काय?"

बायजाला हे पटलं. सासूच्या निकालात दुकानाच्या तांदळाबद्दल एक अक्षर नव्हतं. कालवणाचा भाव वाढव, असाही एक तोडगा नथूनं काढला होता, पण तो तिनं उडवून लावला. कालवणाच्या नावाखाली भात विकायचा म्हणजे चोरीच, आणि शिवाय पंडित? तो तर लोणच्याच्या एका फोडीवर सुटायचा.

पटलं, पण तोंडातून निघेना. साधं वाक्य होतं, "भाताचे पैसे वेगळे." एवढंच फाटकावर म्हणायचं होतं. पहिल्या दिवशी ती ठरवून गेली आणि "भाताचे" म्हणून थांबली. रांग वर बघू लागली. "भाताचे ढेकूल नीट फोडून खा," असं म्हणून ती पुढं सरकली. दुसऱ्या दिवशी तिला खोकला आला. मग नथूनं घरी तालीम सुरू केली. तो गिऱ्हाईक होऊन मांडी घालायचा, समोर ताट, आणि म्हणायचा, "मावशी, भात." बायजा वाढायची. नथू खायचा आणि मोठ्यानं विचारायचा, "किती झाले?" बायजाचं तोंड उघडायचं आणि बाहेर पडायचं, "पुरलं?" आठ दिवसांच्या तालमीत नथूला खाकी शर्टाची खालची दोन बटणं लावता येईनाशी झाली. वाक्य काही आलं नाही.

नथूनं वाढायला लहान डाव आणून दिला, म्हणजे भात तरी कमी जाईल. बायजा त्या डावानं दुप्पट वेळा वाढू लागली.

अशात एका सकाळी श्रीरंगनं नथूच्या सायकलीवर निळ्या शिक्क्याचं पोतं पाहिलं. नथूला बाजूला घेऊन त्यानं दोन प्रश्न विचारले आणि सगळं ऐकल्यावर चष्मा काढून पुसला. माणूस हळवा होता. आपण सहा वर्षं जी चव बघत आलो ती कोणाच्या जिवावर, हे त्याच्या मनाला फार लागलं. आणि सज्जन माणसाच्या मनाला काही लागलं की तो जे करतो तेच त्यानं केलं. सभा घेतली. सकाळच्या चहाच्या वेळी स्टोअर-रूममध्ये सगळ्यांना उभं करून, अर्ध्या मराठीत आणि अर्ध्या मोडक्या हिंदीत, त्यानं बायजाबाईंचं शेत बुडाल्याची बातमी सांगितली. पुढं म्हणाला की आता ती माउली विकतचा तांदूळ आणून आपल्याला फुकट घालते आहे, तर आपणही माणसं आहोत हे दाखवून द्यायला हवं. आजपासून कोणीही भात घ्यायचा नाही. ठराव एकमतानं मंजूर झाला. पंडितच्या डोळ्यांत पाणी आलं. ते बायजाच्या शेतासाठी होतं की दुपारच्या भातासाठी, हे त्यालाही सांगता आलं नसतं.

साडेबारा वाजले. रांग बसली. बायजानं कालवण वाढलं आणि भाताचा टोप कडेवर घेऊन पहिल्या माणसापाशी आली. त्यानं ताटावर आडवा हात धरला.

"नको मावशी. पोट भरलेलं आहे."

बायजा थबकली. असेल बाबा, म्हणून दुसऱ्याकडं वळली. त्याचाही हात. तिसऱ्याचा हात. चौथ्यानं तर दोन्ही हात धरले, न जाणो बाईनं फटीतून वाढलं तर. पंडित म्हणाला, आज उपवास आहे, आणि त्याच्या ताटात लोणच्याची फोड होती. बायजानं मान वर करून पाहिलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत साठ ताटांवर साठ हात.

तिनं टोपात वाकून वास घेतला. भात लागला नव्हता. चार शितं तोंडात टाकली. कच्चाही नव्हता. मग तिचा चेहरा उतरला. पांढरा आहे म्हणून नको झाला, असंच तिला वाटलं. आपण फसवलं आणि यांनी ओळखलं. लाज तिच्या कानांपर्यंत चढली. तेवढ्यात तिला कुंपणाशी उभा असलेला श्रीरंग दिसला. सत्कृत्य केलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर असतं ते तेज त्याच्या चेहऱ्यावर होतं.

"भाऊ, काय झालं यांना?"

"बायजाबाई, आम्हाला सगळं समजलंय," श्रीरंग म्हणाला. "तुमच्या शेताचं. यापुढे तुमच्यावर आमचा भार नको, असं आम्ही सर्वांनी ठरवलंय."

"भार?"

"म्हणजे, फुकट खाणं आता शोभत नाही."

सहा वर्षांत बायजाला कोणी उलट बोललं होतं, कोणी कालवण खारट म्हटलं होतं, एकदा तर पोलिसानं कालवणाचं भांडं लाथाडलं होतं. पण तिच्या भातावर आजवर कोणी हात आडवा धरला नव्हता. हा अपमान तिच्या ओळखीचाच नव्हता. सासूसमोर ताट सारून उठलेल्या जावयाला त्या घरात पुन्हा पाय ठेवू दिला नव्हता, आणि इथं साठ जावई बसले होते! टोप तिनं असा आदळला की फाटकावरचा कावळा उडाला.

"भार कोनाचा रं? तुमचा? मेल्यांनो, मी कवा तुम्हाला नाय वाढलं? भात नको? माझ्या म्होरं बसून भात नको? फुकट नको ना? मग इकत घ्या! इकत घ्या, पन ताटावरचा हात काढा!"

शेवटचं वाक्य समोरच्या कारखान्याच्या भिंतीवर आपटून परत आलं, आणि परत आलेलं तिनं स्वतः ऐकलं. जे दोनदा ठरवून येऊनही निघालं नव्हतं, आठ दिवसांच्या तालमीत निघालं नव्हतं, ते निघून गेलं होतं. ती तशीच उभी राहिली, हातात डाव धरून.

मग पंडितनं ताटावरचा हात हळूच काढला.

"कितने का, मावशी?"

बायजाच्या तोंडून आकडा येईना. फाटकावरच्या स्टुलावरून नथूनं ओरडून भाव सांगितला आणि लगेच दुसरीकडं बघू लागला. पंडितनं खिशातून नाणं काढलं आणि टोपाच्या झाकणावर ठेवलं. सहा वर्षांपूर्वी पाठीवर बसलेलं त्याला आठवत असावं, कारण ठेवून तो जरा मागं सरकला. बायजानं ते फेकलं नाही. डाव भरला आणि त्याच्या ताटात भात घातला. एकेक करून हात निघू लागले, झाकणावर नाणी वाजू लागली, आणि बायजा रांगेनं पुढं वाढत चालली. नेहमीसारखीच भराभर. फक्त कोणाला "पुरलं?" असं विचारत नव्हती.

रांग संपत आली तेव्हा श्रीरंगला दिसलं की बाईच्या गालांवरून पाणी वाहतंय आणि पदराला हात लावायची तिला शुद्ध नाही. पाण्याची वाट बुजली तेव्हा नाही, पेंढा आला तेव्हा नाही, निवटे उडाले तेव्हाही नाही, ते रडू आत्ता, भर दुपारी, साठ बाप्यांसमोर आलं होतं.

"ग्येलं रं," ती कोणालाच उद्देशून न बोलता म्हणाली. "शेत ग्येलं माझं."

नथू स्टुलावरून उठला, पण चार पावलं येऊन थांबला. रांगेत कोणी घास उचलेना. साठ ताटांत पांढरा भात वाफाळत पडून होता आणि साठ माणसं खाली मान घालून बसली होती. पंडितचा हात ताटातच राहिला होता.

बायजानं पदरानं नाक पुसलं आणि रांगेवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत डोळे वटारले.

"बघता काय? जेवा. इकत घेतलाय, टाकू नका."